खाऱ्या वाऱ्याचा मुहूर्त

नव्या घरात पाऊल टाकताना शिंक ऐकू आली तर माझी आई पाऊल मागे घेणार, हे मला ठाऊक होतं. पण एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती दुपारपर्यंत जिन्यात बसून राहील, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पनवेलला एका तीन मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही घर घेतलं होतं. मी कुलूप काढलं, कलश घेतलेल्या आईनं उजवा पाय उचलला, आणि समोरच्या बंद दारामागून शिंक आली. आधी लांबच लांब श्वास आत ओढल्याचा आवाज. मग शांतता. इतकी की जिन्यातली कबुतरंसुद्धा घुमायची थांबली. आणि मग दाराची कडी खुळखुळेल असा स्फोट. त्यामागून दुसरा. तिसऱ्याला आईच्या कलशावरचा नारळ डुगडुगला.

दार उघडलं. लेंगा, बनियन, गळ्यात पांढरा पंचा आणि पिकलेल्या टोमॅटोसारखं नाक घेऊन एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले.

"आजी, नमस्कार. मी उकिडवे. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, ही शिंक माझी नाही."

आईनं त्यांच्यामागे डोकावून पाहिलं. "मग कुणाची?"

"वाऱ्याची. सध्या मतलई वारा आहे. म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. रात्रभर साचलेला सगळा धूर उचलतो आणि माझ्या नाकावरून नेतो. दुपारी वारा फिरेल, समुद्रावरचा खारा वारा सुटेल. मग मी शिंकत नाही. तुम्ही तेव्हा प्रवेश करा. तोवर बसा, चहा टाकायला सांगतो."

मला वाटलं, आई आता काहीतरी तिखट बोलणार. ती म्हणाली, "साखर कमी घालायला सांगा," आणि पायरीवर बसली. उकिडवेकाकूंनी चटई दिली, चहा दिला, नंतर उपमा दिला. टेम्पोवाला सामान उतरवून निघून गेला, आम्ही फ्रिज आणि गाद्यांच्या मधोमध जिन्यात संसार मांडून बसलो. जेवायच्या सुमाराला काका गॅलरीत गेले, दोन्ही नाकपुड्यांनी दीर्घ श्वास घेतला, क्षणभर थांबले आणि जिन्यात येऊन एखाद्या मंत्र्यानं फीत कापायला परवानगी द्यावी तसे म्हणाले, "या आता."

आम्ही घरात गेलो. शिंक आली नाही. त्या दिवसापासून आईचा पंचांगावरचा विश्वास कमी झाला असं नाही, पण पंचांग बघून झालं की ती समोरचं दार वाजवायची.

उकिडवे काका न्हावाशेव्याला बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटाकडे नोकरीला होते. कंटेनर आले-गेले याचे कागद बघायचे. सकाळी कंपनीची बस न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. गंमत अशी की बंदरावर ते कधीच शिंकले नाहीत. ऑफिसातल्या लोकांना त्यांनी सर्दीची रजा मागितली की ती थाप वाटायची. आणि घरी आले, बूट काढले, की सुरू. ही कुंडली ऐकून, आम्ही तिथे यायच्या कितीतरी आधी, एका डॉक्टरनं सरळ निदान केलं होतं, "ऑफिसात नाही, घरीच होतं? मग तुम्हाला घरातल्याच कशाची तरी ॲलर्जी आहे."

काकू तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या.

पुढचे कित्येक महिने त्या घरात काय झालं ते काकूच हसत सांगायच्या. आधी त्यांनी केसांचं तेल बदललं. मग गॅलरीतला मोगरा बहिणीकडे पाठवला. मिरचीची फोडणी बंद झाली, पावडर बंद झाली, लोकरीची शाल माळ्यावर गेली. काका शिंकतच होते. शेवटी एका सकाळी काकू बॅग भरून दारात उभ्या. "मी आठवडाभर माहेरी जाते. नाही शिंकलात तर कळेल मला काय ते." काका हादरले. काकू गेल्या आणि काका आठवडाभर एकटे, वरणभात खात, मनसोक्त शिंकले. त्या आनंदात त्यांनी पेणला सासुरवाडीला फोन केला आणि सासऱ्यांना सांगितलं, "तिला म्हणावं ये, मी अजून शिंकतोय!" सासऱ्यांना काहीच समजलं नाही. त्यांनी आल्याचा काढा करून पाठवला.

पण काकूंवरचा आळ गेला म्हणजे तो दुसऱ्या कुणावर तरी ठेवणं आलं. तेव्हा त्यांची मुलगी पूर्वा शाळेत होती. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात काकांना खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची आकृती सापडली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, मधे बाण. काका ते चित्र बघत इतका वेळ बसले की पूर्वाचा गृहपाठ राहिला. "शेजारी," ते मला म्हणाले होते, "लोक नोकरीसाठी शिकतात. मी संसार वाचवण्यासाठी भूगोल शिकलो." मला ते नेहमी शेजारीच म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

त्यानंतर त्यांनी गच्चीवरच्या पाइपला काकूंच्या जुन्या जांभळ्या साडीची एक लांब पट्टी बांधली. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन ती कुठल्या दिशेला उडते ते बघायचं आणि खाली येताना प्रत्येक मजल्यावर जाहीर करायचं. "ईशान्य! खिडक्या लावा!" "नैऋत्य! कपडे वाळत घाला!" सुरुवातीला लोकांनी टिंगल केली. मग पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या पांढऱ्या चादरी एकदा ईशान्येला काळवंडल्या, तेव्हापासून बिल्डिंगमधले सगळे जण दोरीला हात लावण्यापूर्वी जिन्यात कान द्यायला लागले. वर्तमानपत्रातलं हवामान मात्र काका वाचायचे आणि खो खो हसायचे. "कुलाब्याचं आहे हो हे! कुलाबा समुद्रात पाय सोडून बसलंय. आपलं काय?"

आपलं काय, हे त्यांनी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सप्रयोग दाखवलं. प्रश्न साधा होता. वॉचमन थंडीत रोज सकाळी मागच्या बाजूला पालापाचोळा पेटवायचा. काकांचं म्हणणं, पेटवायचाच तर दुपारनंतर पेटवा. चेअरमन पाठारे यांचं म्हणणं, धूर तो धूर, सकाळी काय आणि दुपारी काय. काका उठले, घरातून कणीक मळायची मोठी परात घेऊन आले.

"ही परात म्हणजे पनवेल. ही कड म्हणजे माथेरान, हा प्रबळगड, इकडे कर्नाळा. ही फट म्हणजे खाडी. आता थंडीत काय होतं? रात्री डोंगरावरची गार हवा घरंगळत खाली येते आणि परातीत बसते. गार हवा जड. तिच्यावर गरम हवेचं झाकण. मग धूर जाणार कुठे?"

असं म्हणून त्यांनी परातीत उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला आणि वर झाकण म्हणून एक काच ठेवली. काच त्यांनी सासऱ्यांच्या फोटोच्या फ्रेममधून काढून आणली होती, हे काकूंच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं. धूर काचेखाली साठत गेला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. खरोखरच छान दिसत होतं. पाठारे तर चष्मा काढून अगदी नाक लावून बघत होते.

"आणि दुपारी," काका काच उचलत म्हणाले, "झाकण उघडतं, खाडीच्या फटीतून खारा वारा येतो आणि..."

खारा वारा आला नाही. त्यांचं उजव्या हाताचं बोट वर गेलं. शिंक येण्याआधी ते असं बोट वर करायचे, अंपायरनं फलंदाज बाद द्यावा तसं. आम्हाला त्याचा अर्थ ठाऊक होता, आम्ही मागे सरलो. पाठारे वाकलेलेच राहिले. जी शिंक आली तिनं परातीतली सगळी राख पाठाऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र सफारीवर, मिशीवर आणि चहाच्या कपात बसवली.

मीटिंगमध्ये दोन ठराव एकमतानं झाले. वॉचमननं सकाळी पाला पेटवू नये. आणि उकिडव्यांनी प्रयोग करू नये.

पावसाळ्यात हा माणूस वेगळाच असायचा. जूनपासून नैऋत्येचा वारा सरळ समुद्रावरून यायचा, पाऊस हवा धुऊन काढायचा आणि काकांचं नाक माणसाच्या नाकासारखं दिसू लागायचं. ते गॅलरीत तोंड उघडं ठेवून बसायचे. बेसूर गायचे. पाहुण्यांना आग्रहानं बोलवायचे. गौरी-गणपतीपासून मात्र त्यांचा चेहरा उतरायला लागायचा. विसर्जनाच्या दिवशी सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडायचे, तेव्हा काका गणपतीकडे पाठ करून पश्चिमेकडे बघत तेच म्हणत असायचे. ऑक्टोबरात वाऱ्याचं डोकं फिरतं, असं त्यांचं मत होतं. कधी इकडून, कधी तिकडून, कधी अजिबात नाही. मग दिवाळी, मग थंडी. थंडीत ते सकाळी कुणाच्याही समोर येत नसत. रस्त्यानं कुणी चांगल्या कामाला निघालं असेल आणि आपण शिंकलो तर, ही धास्ती त्यांना खरोखरच होती. पायात पायताण घालण्यापूर्वी ते खिडकीतून बघायचे की कुणी नवी गाडी घेऊन चाललंय का, कुणी परीक्षेला निघालंय का. चेष्टा करणाऱ्यांच्या हे लक्षात यायचं नाही.

गल्लीत हिराबाई मासळी घेऊन यायची. उरणजवळच्या करंज्याची कोळीण. तिला समुद्रावरचा वारा कसा आहे ते आधीच कळत असणार, म्हणून काका रोज तिची वाट अडवायचे. ती वैतागायची.

"ओ काका, मी म्हावरा इकते. वारा नाय इकत. पापलेट घ्या, त्येच्यासंगती वारा फुकट सांगते."

काका शाकाहारी. पण माहिती हवी होती. मग ते पापलेट घ्यायचे आणि आमच्या दारात आणून ठेवायचे. ते पापलेट खाताना आई म्हणायची, "वारा नेहमी असाच पापलेटावर अडलेला राहो."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पूर्वाच्या लग्नापाशी येऊन ते अडलं.

पूर्वा तेव्हा बेलापूरला नोकरीला लागली होती. बापासारखीच उंच, आणि बोलण्यात बापाला पुरून उरणारी. काका कधीकधी उसासा टाकायचे, "मुलीचं नाव पूर्वा ठेवलं तेव्हा मला पूर्वेच्या वाऱ्याचं काही माहीत नव्हतं." त्यावर ती म्हणायची, "बाबा, मी तुम्हाला शिंका नाही, ताप देते."

तिच्यासाठी आलेलं पहिलं स्थळ डिसेंबरात आलं. मुलाकडचे "पसंत" म्हणायला आणि काका शिंकायला एकच गाठ पडली. पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. दुसऱ्या वेळी काका आतल्या खोलीत तोंडावर उशी धरून बसले. उशीतून आलेला आवाज इतका भयानक होता की पाहुण्यांनी घरात कुणी आजारी आहे का असं विचारलं. मग पूर्वानं स्वतःच आपल्या ऑफिसातला निखिल लिमये नावाचा मुलगा घरी आणला आणि प्रश्न संपवला. निखिलला शिंकेबिंकेचं काही नव्हतं. त्याच्या घरचे साताऱ्याचे, साधे लोक. एकच अडचण होती, त्यांच्या घरात शब्द चालायचा निखिलच्या आत्याचा.

बोलणी करायला ते लोक जानेवारीत आले. यादीवर बसले, सुपाऱ्या काढल्या, आणि काका शिंकले. एकदा नाही. सुपाऱ्या आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. शेवटी आत्याबाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "आम्हाला मुलगी पसंत आहेच. फक्त एक सुचवते, राग मानू नका. कन्यादान मुलीच्या मामांना करू दे. ऐन विधीच्या वेळी काही व्हायला नको, एवढंच."

काका बोलायला गेले असते तर शिंकले असते. नुसती मान हलवून आत गेले. मी शेजारी म्हणून तिथे बसलो होतो, मला त्यांची पाठ दिसली. त्यांना हसणाऱ्यांपैकी मीही होतो, पण त्या वेळी हसू आलं नाही.

पाहुणे गेल्यावर पूर्वा दारात उभी राहिली. "कन्यादान बाबाच करणार. नाहीतर रजिस्टर करते आणि तुम्हा सगळ्यांना आइस्क्रीम घालते."

"शिंक आली तर?" काकू म्हणाल्या.

"तर येईल. माझंच लग्न आहे, मला चालेल."

"मला नाही चालणार," आतून काका म्हणाले. "अपशकुनाचं मला काही नाही. पण आयुष्यभर तुझ्या सासरी सांगतील, बाप शिंकला होता. मी दिवस शोधतो. न शिंकण्याचा."

दुसऱ्या दिवशी आठल्ये गुरुजी पंचांग घेऊन आले. काका म्हणाले, "ऑगस्टमधली काढा."

"ऑगस्ट? चातुर्मास आहे. मुहूर्त नसतात."

"पण हवा काय असते हो तेव्हा!"

"हवेवर लग्न लागत नाही, उकिडवे."

"माझ्या नाकावर लागतं."

गुरुजींनी फेब्रुवारी सुचवला. काकांनी कानांवर हात ठेवले. मार्चमधल्या एका तारखेला ते अर्धवट तयार झाले, पण सकाळचा मुहूर्त म्हटल्यावर पुन्हा अडले. "सकाळी नको. सकाळी वारा जमिनीकडचा. रात्रीचे ट्रेलर, खडीच्या खाणी, सगळं हवेत लोंबकळत असतं." असं करत करत दोघे मे महिन्यात पोचले. मेमध्ये खारा वारा जोरात असतो, संध्याकाळपर्यंत परिसर झाडून काढतो. पण सूर्य बुडाला की तो मंदावतो.

"मग गोरज घ्या," गुरुजी थकून म्हणाले. "संधिकालचा मुहूर्त."

काका खुर्चीतून उठलेच. "गोरज! वारा आहे तोवर आणि धूर जमायच्या आत! गुरुजी, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं!"

"पूर्वज गायी परत येण्याबद्दल बोलत होते," गुरुजी म्हणाले, पण काका काकूंना हाका मारत आत गेले होते.

मग कार्यालयाचा शोध. इतर लोक जेवण बघतात, पार्किंग बघतात. काका बोहल्याच्या जागी जाऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि श्वास घ्यायचे. मला सोबत नेत, जांभळी पट्टी काठीला बांधून माझ्या हातात द्यायचे. एका कार्यालयाच्या मॅनेजरला वाटलं आम्ही नगरपालिकेकडून आलोय. तो घाबरून परवान्याची फाईलच घेऊन आला. दुसऱ्यानं अभिमानानं सांगितलं, "पूर्ण ए.सी. आहे, काका." काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण ए.सी. हवा कुठून आणतो?" मॅनेजरनं बराच विचार केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. शेवटी खाडीच्या बाजूला एक उघडं मैदान असलेलं कार्यालय सापडलं. हायवेच्या पश्चिमेला. म्हणजे वारा आधी मांडवात येणार आणि ट्रेलरांना नंतर भेटणार. तिथे काका दोन संध्याकाळी नुसते उभे राहून आले. शिंकले नाहीत.

लग्नाच्या दिवशी वारा फिरला नाही.

असं मे महिन्यात क्वचित होतं. पूर्वेकडचा गरम वारा दिवसभर हटत नाही आणि समुद्राचा वारा किनाऱ्याशीच ताटकळतो. दुपारी मांडवात नुसता भट्टीसारखा उकाडा होता. साताऱ्याची मंडळी रुमालानं वारा घेत होती. मांडवाच्या कोपऱ्यात बांधलेली जांभळी पट्टी खाडीकडे उडत होती, म्हणजे अगदी उलट. काका रेशमी कद नेसून, उपरणं घेऊन, नाकाला पंचा लावून कार्यालयाच्या फाटकाशी उभे होते. राहून राहून शिंकत होते. आतून कुणी कुणी हसल्याचा आवाज येत होता. आत्याबाईंनी मामांना कद नेसून तयार राहायला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मी ते काकांना सांगितलं नाही. पण त्यांना कद नेसलेले मामा दिसले.

"शेजारी," ते म्हणाले, "हिराबाईला फोन लावा."

हिराबाईकडे मोबाईल नुकताच आला होता. ती त्यात ओरडायची. मी विचारलं, "हिराबाई, वारा आला का तिकडे?"

"कोन? पापलेटवालं?"

"हो, हो. वारा!"

"नाय अजून! आमी पन उकरून निंगालोय!"

थोड्या वेळानं पुन्हा लावला. नाही. वराकडच्या मंडळींचं सरबत पिऊन संपलं होतं. गुरुजी घड्याळ बघत होते. तिसऱ्यांदा फोन लावायच्या आत तिचाच आला. मी तो कानापासून लांबच धरला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"सुटला! काकाला सांगा, सुटला! माजा लुगरा वलनीवरशी उरून गेला!"

काकांनी दोन्ही हात जोडले. मग त्यांच्या ऑफिसातले मोरे यांचा फोन आला. ते लग्नालाच निघाले होते. "उकिडवे, मी जासईला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. पुढे ट्रेलरच ट्रेलर आहेत. मला उशीर होईल. पण वारा माझ्या पुढे निघालाय!"

हे कुणीतरी मांडवात जाऊन सांगितलं आणि मग मजाच झाली. सगळं कार्यालय उठून फाटकाशी आलं. वरात यायची वाट बघावी तसे दोन्हीकडचे लोक पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. सनईवाल्यांना वाटलं कुणी मोठा पाहुणा येतोय, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आत्याबाई मागून विचारत होत्या, "कोण येतंय? कोण येतंय?" निखिल म्हणाला, "आत्या, वारा."

आणि आला. आधी खाडीपलीकडची झाडं हलली. मग अलीकडची. मग मांडवाचं कापड फुगलं, जांभळी पट्टी एकदा लोंबली, दचकल्यासारखी वळली आणि पनवेलकडे सरळ ताठ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी ओरडले, "चला, चला, वेळ झाली!" सगळे धावत बोहल्याकडे.

वारा मात्र नको इतका आला होता. अंतरपाट धरणाऱ्या दोघांच्या हातातून तो दोनदा सुटला आणि एकदा गुरुजींच्या तोंडाला गुंडाळला गेला, त्यामुळे एक मंगलाष्टक कापडाच्या आतून झालं. अक्षता वधूवरांवर पडण्याऐवजी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या तोंडावर येत होत्या. पण काका कोरडे ठणठणीत उभे होते. नाकाचा लाल रंग हळूहळू उतरत होता.

कन्यादानाची वेळ आली. पूर्वाचे हात निखिलच्या हातात, वर काकांचे हात, काकू झारीतून पाणी सोडतायत. गुरुजी मंत्र म्हणत होते. आणि काकांचं बोट वर गेलं.

आत्याबाईंनी डोळे मिटले. मामा नकळत एक पाऊल पुढे आले. लांबच लांब श्वास आत ओढल्याचा आवाज आला, तोच, आमच्या जिन्यातला. मग शांतता. गुरुजींनी मंत्र अर्ध्यावर थांबवला. पूर्वा हलली नाही. बापाकडे बघत राहिली.

शिंक आली नाही. काकांचा चेहरा वेडावाकडा झाला, ओठ थरथरले, आणि त्यांना हुंदका आला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. त्यांना स्वतःलाच काय होतंय ते कळेना. हात अडकलेले, म्हणून डोळे पुसता येईनात. ते गोंधळून काकूंकडे बघत म्हणाले, "अगं, मला वाटलं शिंक आहे."

सगळा मांडव हसला आणि सगळा मांडव रडला. सगळ्यात जास्त आत्याबाई. त्यांनी नाक शिंकरलं त्याचा आवाज सनईच्या वर गेला. पंगतीत त्या काकांच्या पानाशी येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांना जिलबी वाढून गेल्या.

पुढे बरीच वर्षं काका तसेच होते. रिटायर झाले, गच्चीवर जात राहिले. मग विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापायला घेतली. सुरुंगांचे आवाज आमच्यापर्यंत येत नसत, पण काका अस्वस्थ झाले. "टेकडी गेली की वारा नवीन वाटेनं येणार," ते म्हणाले. "मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. या वयात नको वाटतं." पूर्वा आणि निखिलनं उरणजवळ नागावला समुद्रापासून दोन पावलांवर त्यांना घर बघून दिलं. एका श्रावणात, हवा अगदी धुतल्यासारखी असताना, ते तिथेच गेले. झोपेत.

त्याआधीच्या थंडीत मी त्यांना भेटायला गेलो होतो. काकूंनी पोहे केले. काका तब्येतीनं सुधारले होते, नाक गोरं झालं होतं, आणि थोडे कंटाळलेले वाटले. "हवा चांगली आहे," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

संध्याकाळी मला एसटीपर्यंत पोचवायला आले. पनवेलची गाडी लागली होती, सुटायला अवकाश होता. मी खिडकीशी बसलो. खाली उभ्या काकांनी माझ्या खिडकीची काच बोटानं वाजवली. "लावून घ्या. पुढे ट्रेलर आहेत." मी काच ओढली. मग ते मागच्या खिडकीशी गेले. तिथे एक म्हातारी बसली होती, तिला त्यांनी काहीतरी सांगितलं. तिनंही काच ओढली. असं करत ते सगळ्या गाडीला फिरले. कुणाला काच ओढता येईना, तर टाचा उंचावून स्वतः बाहेरून ढकलली. ड्रायव्हर कौतुकानं बघत होता. कुणी हसलं नाही, कुणी वादही घातला नाही. सगळ्यांनी आपापल्या काचा लावल्या.

गाडी हलली. काका दुसऱ्या बाजूनं माझ्या खिडकीशी आले आणि चालत चालत काही सांगू लागले. हातवारे करत होते, डोंगराकडे, मग समुद्राकडे. एक शब्द ऐकू येत नव्हता. मी काच उघडली नाही. उघडली असती तर रागावले असते.